दोन दिवसांचें लंडन

अष्टविनायकाची यात्रा दोन दिवसांत उरकून येणारी मंडळी आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. पहांटेच्या अंधारांत मोटार निघते. मोरगांव, सिद्धटेक, थेऊर असें करीत करीत दुसऱ्या रात्रीं मंडळी घरीं परततात, तेव्हां आठ ठिकाणचे प्रसाद एका पिशवींत एकत्र झालेले असतात आणि लेण्याद्रीच्या पायऱ्या तेवढ्या पोटऱ्यांना निराळ्या आठवत असतात. अशा यात्रेला हंसणारे पुष्कळ. "एवढ्या घाईंत देव तो काय दिसला असेल?" असा त्यांचा प्रश्न. परंतु हा प्रश्न घरांतल्या एखाद्या वृद्ध बाईला विचारून पाहावा. गाभाऱ्यापुढें तिला उभें राहावयास मिळालें असेल अर्धें मिनिट; तरी तिची तक्रार नसते. त्या देवाची आणि तिची ओळख साठ वर्षांची असते. मोरगांवीं ती ओळख करून घ्यावयास गेलेली नसते, भेटावयास गेलेली असते.

परदेशांतील शहरें अशींच धांवतपळत पाहण्याचा प्रघात आतां आपल्या घराघरांत शिरला आहे. कोणाचा मुलगा, कोणाची सून, कोणाची भाची परदेशीं नोकरीस असते आणि शनिवार-रविवार गांठून एखादें मोठें शहर पाहून येते. घाई वाईट, सावकाश पाहावें, हा उपदेश ऐकावयास गोड आहे. पण ज्यांच्या हातीं दोनच दिवस आहेत त्यांनीं काय करावें, हें तो उपदेश सांगत नाहीं. या महिन्यांत त्याच प्रश्नाचा थोडा विचार करूं.

नोकरीनिमित्त मी वर्षभर इंग्लंडच्या उत्तरेकडील लीड्स शहरीं होतें. तेथें आम्हां चौघींची गट्टी जमली. एक बडोद्याची, जमाखर्च तपासण्याच्या कामांत मुरलेली. दुसरी बेळगांवची, पुराणवस्तुशास्त्राची विद्यार्थिनी. तिसरी नागपूरची, कायद्याचा अभ्यास संपवून पुढच्याच बुधवारीं कायमची स्वदेशीं परतणारी. आणि चौथी मी, पुण्याची. नागपूरकरीण दोन वर्षें इंग्लंडांत राहून लंडन न पाहतांच परत चालली होती. शिष्यवृत्तीचा पैसा पुरवून पुरवून वापरणाऱ्या मुलीला आगगाडीचें भाडेंहि जड वाटतें, हें सांगणें नलगे. तिला निरोप म्हणून आम्हीं हे दोन दिवस ठरविले. बडोदेकरणीनें यादी केली. तींत एकोणीस स्थळें होतीं, प्रत्येकापुढें मिनिटें मांडलेलीं होतीं, आणि जेवणाच्या वांट्याला पस्तीस मिनिटें आलीं होतीं.

लीड्सहून लंडनला आगगाडीस सवादोन तासांच्या आसपास लागतात. शनिवारीं सकाळीं किंग्ज क्रॉस स्थानकावर उतरलों तों पुढें भुयारी रेल्वेचा रंगीबेरंगी नकाशा. ही रेल्वे १८६३ सालीं सुरू झाली. जगांतील भुयारी रेल्वेंत ती पहिली. तिचा आजचा नकाशा ज्यावरून निघाला तो हॅरी बेक नांवाच्या आराखडेकारानें रचला व १९३३ सालीं लोकांच्या हातीं आला. त्यांत स्थानकांचा क्रम खरा, अंतरें मात्र खरीं नव्हत. कोव्हेंट गार्डन व लेस्टर स्क्वेअर हीं स्थानकें नकाशांत चांगलीं ऐसपैस दूर दिसतात. प्रत्यक्षांत मध्यें तीन-चार मिनिटांची वाट. घाईच्या प्रवाशानें हें ध्यानांत ठेवावें. पुष्कळदां जिने उतरण्याचढण्यापेक्षां रस्त्यानें चालणेंच लवकरचें होतें.

१६६६ च्या आगींत जुनें देवालय जळाल्यावर ख्रिस्तोफर रेननें सेंट पॉलचें नवें देवालय बांधलें. १६७५ पासून १७१० पर्यंत तें काम चाललें होतें. पस्तीस वर्षांच्या त्या कामासाठीं आमच्या यादींत पंधरा मिनिटें होतीं. तेथून टॉवर ऑफ लंडन. तेथील राजमुकुटांपुढें प्रेक्षकाला रेंगाळावयास मिळत नाहीं; पायांखालीं सरकता पट्टा असतो आणि तोच त्याला पुढें घेऊन जातो. १९३७ सालीं घडविलेल्या एका मुकुटांत कोहिनूर बसविलेला आहे. १८४९ सालीं पंजाब इंग्रजांनीं खालसा केला, तेव्हां लाहोरच्या तहान्वयें दहा वर्षांच्या दुलीपसिंग महाराजाकडून तो घेतला गेला. १८५२ सालीं लंडनांत त्याला पुन्हां पैलू पाडले, त्यांत त्याचें वजन चाळीस टक्क्यांहून अधिक घटलें. हा तपशील बडोदेकरणीला तोंडपाठ होता. ज्या बाईनें मिनिटें मोजून दिलीं होतीं, तीच मागें वळून पुन्हां एकदां त्या पट्ट्यावर जाऊन उभी राहिली. परत आल्यावर एवढेंच म्हणाली, "एवढी मोठी घट कोणत्या खातीं टाकली असेल?"

दुपारीं ब्रिटिश म्युझियम. १७५९ सालीं हें संग्रहालय लोकांस खुलें झालें, आणि तेथील कायमचा संग्रह विनामूल्य पाहतां येतो. रोझेटाच्या शिळेभोंवतीं एवढी दाटी होती कीं आम्हांला दिसले ते बहुतेक लोकांचे हातच. बेळगांवकरणीनें आम्हांला बाजूला ओढलें आणि भिंतीशीं उभें करून ती शिळा सांगितली. १७९९ मध्यें ईजिप्तांत ती सांपडली. एकच आज्ञापत्र दोन ईजिप्शियन लिप्यांत आणि ग्रीकमध्यें कोरलेलें. त्याच्या आधारें शांपोलियाँनें १८२२ सालीं चित्रलिपीचें कोडें उलगडलें. पुढें पंधरा वर्षांनीं, १८३७ मध्यें, जेम्स प्रिन्सेपनें ब्राह्मी लिपी उलगडली, आणि ज्या अशोकाच्या शिलालेखांपुढून आपले पूर्वज शतकानुशतकें नुसते जात-येत होते ते शिलालेख बोलूं लागले. एवढें ऐकल्यावर दाटींतून त्या काळ्या दगडाचा जो कोपरा दिसला, तो पुरेसा होता. नंतर तिनें आम्हांला अमरावतीच्या शिल्पांकडे नेलें. ही अमरावती विदर्भांतली नव्हे, आंध्रांतली. जी कृष्णा आपल्या वाईच्या घाटावरून वाहते, तिच्याच कांठीं पुढें हा बौद्ध स्तूप उभा होता. तेथें गर्दी नव्हती. यादींत नसलेलीं वीस मिनिटें तेथें गेलीं, आणि कोणी घड्याळाकडे पाहिलें नाहीं.

उलट वेस्टमिन्स्टरच्या प्रसिद्ध घड्याळापुढें आम्ही पोंचलों तेव्हां चौघींपैकीं कोणाजवळच त्याविषयीं बोलावयास कांहीं नव्हतें. चित्रें घेतलीं आणि निघालों. पंतप्रधानांचें डाउनिंग स्ट्रीटवरील दहा क्रमांकाचें घर लोखंडी दरवाजाच्या गजांमधून पाहावें लागतें. तेंहि तसेंच पाहिलें. घाई दोन्हीकडे सारखीच होती. फरक पडला तो बरोबर कोणीं काय आणलें होतें, यामुळें.

रात्रीं बिऱ्हाडीं हिशेब झाला. अकरा स्थळें झालीं, आठ राहिलीं. त्यांत मला आणखी एकाची भर घालावयाची होती. माझ्या आजेसासूबाईंनीं, ज्यांना आमच्या घरांत सारीं लहानथोर आजीच म्हणतात, दूरध्वनीवरून एकच मागणें केलें होतें: "लोकमान्य राहिले तें घर पाहून ये." त्यांच्या वडिलांनीं लहानपणीं पुण्यांत लोकमान्यांना पाहिलें होतें. मीं हें सांगितल्यावर दिवसभर मुकाट्यानें मागून चाललेली नागपूरकरीण प्रथमच बोलली. "मलाहि एक घर पाहावयाचें आहे. माझ्या वडिलांची फार इच्छा होती. ते आतां नाहींत." तिला डॉ. आंबेडकरांचें घर पाहावयाचें होतें. समारंभ तिच्या निरोपाचा, आणि यादींत तिचें असें एकहि स्थळ नव्हतें. बडोदेकरणीनें लेखणी काढली, उरलेल्या आठ स्थळांखालीं रेघ मारली आणि म्हणाली, "शिल्लक पुढें ओढली."

रविवारीं सकाळीं वॉरिक ॲव्हेन्यू स्थानकावर उतरून हौली प्लेस गांठली. येथेंहि घराचा क्रमांक दहाच. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावर लोकमान्यांनीं बदनामीची फिर्याद केली होती. तिच्यासाठीं १९१८ सालीं, वयाच्या बासष्टाव्या वर्षीं, ते लंडनास आले. फेब्रुवारी १९१९ मध्यें निकाल विरुद्ध गेला आणि खर्चाचा मोठा बोजा अंगावर पडला. तरीहि ते लागलीच परतले नाहींत. स्वराज्याची बाजू मजूर पक्षापुढें आणि पार्लमेंटच्या समितीपुढें मांडीत त्या वर्षाच्या नोव्हेंबरापर्यंत राहिले. पुढें नऊ महिन्यांच्या आंत ते वारले. घराच्या भिंतीवर त्यांच्या नांवाची निळी तबकडी आहे. आंत दुसरीं माणसें राहतात, त्यामुळें रस्त्यावरूनच पाहावयाचें. आम्ही तेथें पांच-सात मिनिटें उभ्या होतों. पाहावयाचें म्हणावें तर कांहींच नव्हतें, आणि निघवत मात्र नव्हतें.

तेथून दुसऱ्या घरापर्यंत आम्ही चालत गेलों. १८२० सालीं पुरा झालेला रीजंट्स कालवा जवळूनच जातो. मध्यें एका बोगद्यावरून वळसा घ्यावा लागतो, एरवीं कांठानें पायवाट आहे. प्राणिसंग्रहालयापाशीं कालवा सोडून प्रिमरोझ हिल नांवाची सुमारें दोनशें फूट उंचीची टेकडी चढलों. तेथून सारें शहर पायांशीं पसरलेलें दिसतें. सेंट पॉलचा घुमट तेथून दिसत राहावा, म्हणून मधल्या इमारतींच्या उंचीवर निर्बंध घातलेले आहेत. आदल्या दिवशीं ज्या शहरांतून आम्ही धांवलों होतों, तें तेथें प्रथमच एका जागीं स्थिर दिसलें.

टेकडीपलीकडे किंग हेन्रीज रोड. घराचा क्रमांक पुन्हां दहाच! १९२१-२२ मध्यें डॉ. आंबेडकर येथें राहत. २०१५ सालीं महाराष्ट्र शासनानें हें घर विकत घेऊन तेथें स्मारक केलें. आंत त्यांचीं छायाचित्रें व पुस्तकें मांडलीं आहेत. त्यांना प्रथम परदेशीं, अमेरिकेस, धाडणारी १९१३ ची शिष्यवृत्ती सयाजीराव महाराजांची, हें बडोदेकरणीनें अभिमानानें सांगितलें. लंडनांत ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाचीत बसत, हें नागपूरकरणीनें सांगितलें. शनिवारीं त्याच गोल वाचनालयाला वळसा घालून आम्ही धांवत गेलों होतों! रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल १९२३ सालीं त्यांना लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. पदवी मिळाली. नागपूरकरीण खोल्याखोल्यांतून एकटीच फिरली. आम्ही तिघी खालीं थांबलों. किती वेळ थांबलों, हें मोजण्याचें काम त्या दिवशीं कोणाकडेच नव्हतें.

आजींना दोन्ही घरांचीं चित्रें पाठविलीं. लोकमान्यांच्या घराचें चित्र त्यांनीं देवघरापाशीं ठेवावयास सांगितलें. चौकशी मात्र दुसऱ्या घराची अधिक केली. खोली केवढी होती, थंडींत शेगडी असे कीं नाहीं, तो विद्यार्थी जेवत काय असे. आणि तुझी ती मैत्रीण सुखरूप घरीं पोंचली का, हेंहि त्यांनीं विचारलें.

आतां आपल्या वाचकांपैकीं जीं कुटुंबें अशा प्रवासास निघतील त्यांच्यासाठीं दोन शब्द. यादी अवश्य करावी. घाईचा फारसा बाऊ करूं नये. पण निघण्यापूर्वीं एका संध्याकाळीं सर्वांनीं एकत्र बसावें आणि प्रत्येकानें एकेका स्थळाची माहिती वाचून ती इतरांना सांगावी. ग्रिनिचची शून्य रेखा पाहावयाची असेल, तर आपल्या ज्योतिष्यांची मध्यरेखा उज्जयिनीवरून जाते, हें मुलांना घरींच पंचांग उघडून दाखवावें. मग तेथें दहा मिनिटें पुरतात. प्रत्येक सोबत्याला एक स्थळ हक्काचें असावें आणि तेथें इतरांनीं कुरकुर न करतां जावें. सोबत्यांत जो सर्वांत कमी बोलतो त्याला हें स्थळ आधीं विचारावें. आणि घरीं राहणाऱ्या वडीलधाऱ्यांनाहि, तुमच्यासाठीं काय पाहून येऊं, असें विचारल्यावांचून उंबरठा ओलांडूं नये.