कासव की न्यूट? माझं मत : दोन्ही नकोत



बरेच दिवस इथं काही लिहिलं नव्हतं. आज लिहितोय ते रागाने लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो. नातेवाईक मंडळींपैकी काहींना हे वाचून वाईट वाटेल. वाटू दे. घरातल्या फोनच्या ग्रुपवर मला कोणी बोलूच दिलं नाही, म्हणून इथं बोलतो.

विषय असा, की आमच्या नातवाला आता अकरावं वर्ष लागेल. वाढदिवसाला काय हवं असं विचारल्यावर त्याने "एक प्राणी" असं सांगितलं. कुत्र्याला सूनबाईंचा नकार, मांजराला आमच्या सौ.चा नकार. मग ग्रुपवर मतदान सुरू झालं. मेहुणेसाहेब म्हणाले, कासव आणा. शांत प्राणी, भुंकत नाही, केस गळत नाहीत आणि वास्तूला चांगलं. जर्मनीतल्या पुतण्याच्या मुलीने तिथून कळवलं, की कासवापेक्षा न्यूट घ्या, माझ्या मैत्रिणीकडे आहेत, जागा कमी लागते आणि दिसतातही छान. झालं! अर्धं घर कासवाकडे आणि अर्धं न्यूटकडे. निवडणुकीच्या दिवसांत आमच्या शिवाजी पेठेत जेवढी चर्चा होत नाही तेवढी या दोन जीवांवर झाली. मुळात घ्यायचा की नाही, हे मात्र कोणीच विचारलं नाही.

न्यूट म्हणजे काय, हे आमच्यापैकी निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. मलाही शोधावं लागलं. दिसायला पालीसारखा, पण पालीचा कोणी नव्हे. हा बेडकाचा चुलतभाऊ. सॅलॅमँडरच्या कुळातला, शेपटीवाला उभयचर, ओल्या कातडीचा. मराठीत त्याला शब्द नाही, कारण आपल्याकडे तो प्राणीच नाही. भारतात तो सापडतो दार्जिलिंग-सिक्कीमकडच्या डोंगराळ भागात, थंड तळ्यांच्या काठी. त्या हिमालयी न्यूटला स्वतंत्र शास्त्रीय नाव मिळालं तेही 2015 साली. भाषेत ज्याला नाव नाही तो प्राणी आपण दिवाणखान्यात ठेवायला निघालो होतो, गंमत बघा.

आधी न्यूटचाच निकाल लावू, कारण ते सोपं आहे.

हिमालयातला न्यूट पकडणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तो विषय संपला. राहिला परदेशी. बाहेर जे न्यूट पाळतात त्यातले बहुतेक थंड पाण्यातले. पंधरा ते वीस अंश हे त्यांचं सुखाचं तापमान, पंचविशीच्या पुढे पाणी गेलं की ते आजारी पडतात. आता कोल्हापूरचा एप्रिल आठवा. पारा सदतीस-अडतीसवर, दुपारी लाईट गेलेली आणि टाकीतलं पाणी कोमट. जर्मनीत त्या मुलीच्या मैत्रिणीचा न्यूट सुखाने जगत असेल, इथं आपण त्याला हळूहळू शिजवणार. पाणी गार करायचं यंत्र मिळतं म्हणे. म्हणजे नातवाच्या खोलीत पंखा आणि न्यूटला एसी!

दुसरं म्हणजे न्यूटच्या कातडीत विष असतं. सगळ्यांत सारखं नसतं, पण अमेरिकेतल्या एका जातीत तर फुगा माशात असतं तेच जहाल विष आहे. हात न लावता लांबून बघायचा हा प्राणी आणि मूल अकरा वर्षांचं. तुम्हीच सांगा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 2013 साली नेदरलँड्समध्ये शास्त्रज्ञांना एक बुरशी सापडली. ती सॅलॅमँडर आणि न्यूटची कातडी खाऊन टाकते. तिथले काळे-पिवळे फायर सॅलॅमँडर तिने जवळजवळ संपवले. ही बुरशी आशियातून पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून युरोपात पोचली असावी, असं त्यांचं मत आहे. म्हणूनच अमेरिकेने 2016 साली सॅलॅमँडरच्या 201 जातींच्या आयातीवर बंदी घातली. हौसेखातर पेटीतून पाठवलेल्या जिवाबरोबर अख्ख्या जंगलाचं मरण जाऊ शकतं. जर्मनीतल्या आमच्या नातीला मी हे कळवलं. तिने "ओके आजोबा" असं उत्तर दिलं आणि खाली रडका चेहरा टाकला. पोर समजूतदार आहे.

आता कासव. इथं मला जास्त बोलायचं आहे.

मेहुणेसाहेब म्हणतात, कासव शुभ. मान्य. आपल्या महादेवाच्या देवळांत नंदीजवळ दगडी कासव असतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे, अवयव आत ओढून घेणाऱ्या कासवासारखी इंद्रियं आवरणारा. म्हणजे त्या दगडी कासवाकडे बघून आपण आपली हाव आवरायची. आणि आपण काय करतो? हाव सुटते म्हणून जिवंत कासव विकत आणतो! वीस नखांचं कासव सापडलं की पैशाचा पाऊस पडतो असं सांगणारे भोंदू आपल्याच महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारी शिकलेली माणसंही आहेत. कासवाने कोणाचं घर भरलेलं मी चौऱ्याहत्तर वर्षांत पाहिलं नाही. घरात आणलेली कासवं मेलेली मात्र पाहिली आहेत.

आपल्याकडची कासवं कोणती? पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव आणि नदी-विहिरीतलं मऊ पाठीचं कासव. दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. घरात ठेवलं तर निदान तीन वर्षं कैद, जास्तीत जास्त सात, शिवाय दंड. स्टार कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2019 पासून कडक बंदी आहे, कारण लोकांच्या हौसेपायी ते हजारोंनी पकडलं जात होतं. तेव्हा "ओळखीच्या माणसाकडून मिळेल" असं जे कोणी ग्रुपवर लिहिलं, त्यांनी ते कृपा करून खोडावं.

मग दुकानात मिळतं ते कुठलं? हिरवंगार, डोळ्यामागे लाल पट्टा, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. ते आपलं नव्हे. ते अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं, रेड इअर्ड स्लायडर. परदेशी असल्यामुळे ते आपल्या कायद्यातून निसटलं आणि उघड विकलं जात आलं. दुकानदार सांगतो, "एवढंच राहतं." साफ खोटं. मादी वाढून फुटभर होते. तिला तीन-चारशे लिटर पाणी लागतं, बाहेर येऊन अंग शेकायला जागा लागते, ऊन लागतं. आणि ती तीस वर्षं जगू शकते. जरा हिशेब करा. मी माझ्या वर्गात असा हिशेब फळ्यावर मांडला असता. नातू आज अकरा वर्षांचा, कासव तीस वर्षं जगलं तर नातू एक्केचाळीसचा. मधे त्याची दहावी, कॉलेज, पुण्या-मुंबईची नोकरी, लग्न. तोवर कासवाचं पाणी कोण बदलणार? मी तर नक्कीच नाही.

आणि आरोग्याचं म्हणाल तर अमेरिकेने, म्हणजे ज्या देशातलं हे कासव त्याच देशाने, चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला 1975 सालीच बंदी केली. का? तर मुलं ती हाताळतात, तोंडात घालतात आणि साल्मोनेलाच्या जंतूंनी आजारी पडतात. पन्नास वर्षांपूर्वी तिथं जे बंद झालं ते आपण इथं वाढदिवसाला भेट देतो.

एवढं सगळं मी कुठल्या तोंडाने सांगतोय, असं काही जण विचारतील. विचारायलाच हवं. कारण हे सगळं मी स्वतः केलेलं आहे.

2009 साली थोरल्या नातीसाठी असली दोन कासवं मीच आणली. काचेचं वाडगं, चार रंगीत खडे आणि प्लॅस्टिकचं नारळाचं झाड. शिक्षक माणूस मी! एक पुस्तक उघडून वाचावं असं मला सुचलं नाही. त्यातलं एक सात महिन्यांत गेलं. त्याची पाठ आधी मऊ पडली, मग डोळे सुजले. ऊन मिळालं नव्हतं, एवढं साधं कारण. नातीला सांगितलं, झोपलंय. दुसरं वाढत गेलं. वाडग्यातून टबात, टबातून मोरीत. मोरीत रात्रभर त्याची नखं फरशीवर वाजायची. 2014 साली कंटाळून मी आणि मुलाने ते पोत्यात घालून गावाबाहेरच्या एका तळ्यात सोडलं. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं तेव्हा. परतीच्या वाटेवर आम्ही दोघांनी मिसळ खाल्ली.

ते पुण्य नव्हतं, हे फार उशिरा कळलं. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जातींची यादी शास्त्रज्ञांनी केली आहे, त्यात हे कासव आहे. युरोपने 1997 सालीच त्याची आयात बंद केली. ते स्थानिक कासवांचं अन्न खातं, ऊन खायच्या जागा बळकावतं. म्हणजे मी एका जिवाला आधी कैदेत ठेवलं आणि मग आपल्या तळ्यातल्या जिवांवर सोडलं. दोन्ही पापं माझी.

आता तुमचे आक्षेप. "मुलांना प्राण्यांची माया कशी लागणार?" माया लागते ती प्राणी जगताना बघून. काचेवर नखं घासणाऱ्या जिवाकडे बघून माया लागत नाही, सवय लागते. "मग मासेही पाळू नयेत का?" तोही प्रश्न विचारण्यासारखा आहे, त्याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. पण एका चुकीला दुसरी चूक जामीन राहू शकत नाही. "तुमच्या लहानपणी वाड्याच्या आडात कासव होतंच की!" होतं. पाणी स्वच्छ राहतं म्हणून कोणीतरी सोडलेलं. पोहरा खाली गेला की बाजूला सरकायचं, आम्ही वरून वाकून बघायचो. त्याला आम्ही कधी वर काढलं नाही. पण खरं सांगू? तेही कैदीच होतं. फक्त तुरुंग मोठा होता आणि आम्हाला तो दिसत नव्हता.

आपल्या संतांनी कासवीची उपमा वापरली आहे. ती पिल्लांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने वाढवते, अशी कल्पना. शास्त्र सांगतं, की कासवी अंडी घालून निघून जाते, मागे बघतही नाही. तरी ती उपमा मला आवडते, कारण त्यात एक गोष्ट आहे : नुसतं मायेने बघणं पुरतं. हात लावायची, घरी आणायची गरज नाही.

म्हणून माझं मत : कासव नको, न्यूट नको. वळवाचा पाऊस पडल्यावर बेडूक बघा, पिवळेधमक नर कसे ओरडतात ते ऐका. शेपटीवाला उभयचर नाही म्हणून रडू नका, आपल्या सह्याद्रीत बिनपायाचा उभयचर आहे, देवगांडूळ. किती जणांनी पाहिलाय? आणि कासवच हवं असेल तर रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला चला. तिथं 2002 पासून सह्याद्री निसर्गमित्र या चिपळूणच्या संस्थेने आणि गावकऱ्यांनी समुद्री कासवांची अंडी राखली आहेत. जिथं पूर्वी अंडी चोरीला जायची तिथं आज पिल्लं समुद्रात सोडताना लोक बघायला येतात.

हे सगळं नातवाला सांगितल्यावर तो म्हणाला, "आजोबा, नुसतं बघायचं? घरी काहीच नाही आणायचं?" मी म्हटलं, नाही. तो रुसला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मेहुणेसाहेबांनी दुकानात पैसे आधीच भरले होते, ते परत मिळणार नाहीत म्हणे. ते मी भरून देईन.

काल संध्याकाळी पोरगं आपणहून आलं आणि विचारलं, "वेळासला जायला किती तास लागतात?" मार्चमध्ये जायचं ठरवलंय. कोणी येणार असाल तर कळवा. आणि घरात आधीच स्लायडर असेल, तर तळ्यात सोडू नका. मोठी टाकी करा, ऊन द्या आणि शेवटपर्यंत सांभाळा. आणलंय ना, मग निभवा.

असो. रागात काही जास्त बोललो असेन तर लहान समजून नव्हे, म्हातारा समजून सोडून द्या.