हिरवा थर पावसाचा नव्हे

चंद्रपूर-गडचिरोलीत यंत्र बिघडले की दोष पावसाला देण्याची रीत आहे. जुना संगणक असेल तर विचारायलाच नको. दुरुस्तीवाला डबा उघडतो, मदरबोर्डवरचा हिरवा थर दाखवून "ओल लागली, गेला" म्हणतो आणि माल भंगाराच्या काट्यावर चढतो. व्यापारी बंधूंचे जुने हिशेब त्याच्याबरोबर जातात. ही रीत आम्हाला मान्य नाही.

१९९० च्या सुमाराच्या ३८६ आणि ४८६ जातीच्या बऱ्याच संगणकांत मदरबोर्डवर ३.६ व्होल्टचा निकेल-कॅडमियम सेल डाख देऊन बसवलेला असतो. यंत्र कपाटात बंद ठेवले तरी तो वर्षानुवर्षांनी गळतो. गळलेला द्रव तांब्याच्या रेषा खातो आणि हिरवा-निळा थर येतो. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकते हे आपल्या कल्हईवाल्यांना शिकवावे लागत नाही. इथेही तांबेच खाल्ले जात आहे. थर सेलभोवती दाट आणि पुढे विरळ असेल तर कारण सेल, पाऊस नव्हे.

सगळे त्या द्रवाला ॲसिड म्हणतात. तो क्षार आहे. म्हणून स्कूटरच्या बॅटरीसारखा इथे खाण्याचा सोडा चालत नाही. पातळ व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लागतो. आधी सेल कापून काढावा, हातमोजे घालावेत, मऊ ब्रशाने घासावे, मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळल्याशिवाय वीज देऊ नये. तुटलेली रेष बारीक तारेने जोडता येते. मात्र बादलीला डाख देताना वापरतो ते ॲसिड मदरबोर्डवर कदापि नको, राळच वापरावी. नव्या नाण्याएवढ्या सेलला मध्ये डायोड हवा, कारण जुना मदरबोर्ड त्याला चार्ज करू पाहतो आणि तो सेल त्यासाठी नसतो.

पाऊस निर्दोष आहे असे नाही. डब्याच्या पत्र्यावर आधी पांढरी भुकटी येते, ती जस्ताची. मग तांबडा गंज. त्याने यंत्र सहसा मरत नाही. काळे पडलेले चांदी-तांब्याचे संपर्क ही तिसरी गोष्ट. हवेतल्या गंधकाच्या वायूने चांदीचे पैंजण काळवंडतात, तसेच हे. बल्लारपूरच्या कागद कारखान्याचा वास ज्यांच्या दुकानात येतो त्यांनी हे आधी तपासावे.

भामरागडला पर्लकोटेचा पूर आला की रस्ता बंद होतो. तिथल्या माणसाने यंत्र चंद्रपूरला पोचवायचे आणि इथे आपण न पाहताच "गेला" म्हणायचे, हे हुनर नव्हे. ग्राहकाला डाग दाखवावा, कारण सांगावे, मगच दर सांगावा. थरावर वार्निश फिरवून "दुरुस्त" म्हणून विकणाऱ्यांची तर गोष्टच नको. खाली क्षार चालूच राहतो.

भंगारवाले बंधू सोन्यासाठी असे मदरबोर्ड ॲसिडात बुडवतात. त्यात फुफ्फुस जाते, आणि सोने मिळते ते कणभर. नीट चालणारा जुना मदरबोर्ड हौशी लोक विकत घेतात, त्याचा दर आधी विचारावा. काढलेला सेल मात्र चुलीत किंवा नाल्यात टाकू नये, कॅडमियम विषारी आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच गेला पाहिजे. तोवर झाकणाच्या बरणीत वेगळा ठेवावा.