संशय, चौकशी आणि आपली कामवाली

मैत्रिणींनो, घरातली अंगठी दिसेनाशी झाली की पहिला संशय कुणावर येतो? धुण्याभांड्याच्या बाईवर! शेजारीण लगेच सुचवते, "पोलिसांत द्या हो, दोन तास बसवलं की आपोआप कबूल करील." गिरगावच्या चाळीत काय आणि दादरच्या ब्लॉकमध्ये काय, हे वाक्य सारखंच ऐकू येतं. पण त्या 'बसवण्या'त काय होऊ शकतं, हे आपल्याच शहरात एका बाईनं उजेडात आणलं.

१९८२ सालची गोष्ट. पत्रकार शीला बारसे यांनी रीतसर परवानगी काढून मे महिन्यात मुंबई सेंट्रल जेलमधल्या १५ स्त्रीकैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या ५ जणींनी सांगितलं, की पोलीस कोठडीत आम्हाला मारहाण झाली. बारसेबाईंनी थेट सर्वोच्च न्यायालयाला पत्र धाडलं आणि न्यायालयानं त्या पत्राचीच दखल घेतली. खरंखोटं पाहायचं काम दिलं आपल्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना. अट एकच : मुलाखतीच्या वेळी जवळपास दुसरं कुणी असता कामा नये. बरोबरच आहे! पहारेकरी शेजारी उभा असताना कोण बाई तोंड उघडेल?

त्यांच्या अहवालातून आणखी एक गोष्ट कळली. कैद्यांना वकिलाची मदत फारच तोकडी मिळत होती.

१५ फेब्रुवारी १९८३ रोजी निकाल लागला. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, पहाऱ्यावर स्त्री शिपाई. चौकशी स्त्री पोलिसासमोरच. अटक होताच नातेवाइकाला आणि कायदा-मदत समितीला खबर. मॅजिस्ट्रेटनं स्वतः विचारायचं, "पोलिसांनी छळ केला का?"

आजचा कायदाही ध्यानात ठेवा. अपवाद सोडला तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर स्त्री पोलीस अधिकाऱ्यानं मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायला हवी. अटकेपासून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. आणि १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रीला, तिची मिळकत कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळू शकतो.

शिवाय मारून मिळालेल्या कबुलीचा उपयोग काय? पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही. फार तर तिच्यामुळे वस्तू सापडली, तर तेवढाच भाग धरतात. शाळेत मी पाहतेच ना, धाकानं पोर न केलेलंही 'केलं' म्हणतं.

म्हणून वस्तू हरवली तर आधी घर नीट धुंडाळा : गाद्यांखाली, धुण्याच्या बादलीत, देवघरात. मग तक्रार द्यायचीच असेल तर लेखी द्या. वस्तू शेवटची केव्हा पाहिली, घरात कोण कोण आलं-गेलं, एवढंच लिहा. 'हिनंच घेतली' असं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहू नका. बाईची झडती स्वतः घेऊ नका, कोंडून तर मुळीच ठेवू नका. तो आपलाच गुन्हा होतो.

आणि हे सारं तुमच्या बाईच्याही कानावर घाला बरं का. चहाचा कप हातात देताना दोन मिनिटं पुरतात. वर्तमानपत्र वाचायला तिला सवड कुठली?