बाकाला आधी छप्पर

उघड्यावरचा मातीचा बाक म्हणजे शिकाऊ हातांचे काम, असा समज बांधकामाच्या वर्तुळात पक्का बसला आहे. दहा-पंधरा हौशी माणसे चिखलात उतरवायची आणि शनिवार-रविवारात बागेच्या कोपऱ्यात बाक उभा करायचा, अशी ती पद्धत. खरे तर हा बाक घराच्या भिंतीपेक्षा अवघड आहे. भिंत उभी असते, डोक्यावर छप्पर असते. थोडी झड लागली तरी पाणी ओघळून जाते. बाकाची बैठक आडवी, तिच्यावर पाणी थांबणारच. पाठ चहूबाजूंनी उघडी. त्यात रोजची उठबस, कडेवर ठेवलेले पाय, पाठीवर चढणारी मुले.

चिकणमाती, वाळू आणि काड तुडवून, साचा न लावता हाताने रचायच्या या पद्धतीला इंग्रजीत कॉब म्हणतात. आपल्याकडे गारा करून भिंती घालणाऱ्यांना त्यात नवे काही वाटणार नाही. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात अशी घरे शेकडो वर्षे उभी आहेत; सर वॉल्टर रॅलेचे जन्मघर हेज बार्टन हेही कॉबचेच. तिथली जुनी म्हण कॉबच्या घरासाठी दोनच गोष्टी मागते : चांगली टोपी आणि चांगले बूट. टोपी म्हणजे रुंद पागोळीचे छप्पर, बूट म्हणजे दगडी जोते. बाकाच्या कामात नेमक्या याच दोन गोष्टींवर काटकसर होते.

इयांटो एव्हान्स आणि लिंडा स्माइली यांनी अमेरिकेतील ऑरेगन राज्यात १९८९ साली कॉबचे छोटे घर बांधले आणि तिकडे या पद्धतीला पुन्हा बहर आला. पुढे त्याच राज्यातील पोर्टलंड शहरात ‘सिटी रिपेअर’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना जमवून चौकाचौकांत कॉबचे बाक उभारले. त्या बाकांची छायाचित्रे आज अनेक वास्तुरचनाकारांच्या संग्रहात असतात. मात्र पोर्टलंडचा पाऊस वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर, आणि त्यातला बराचसा हिवाळी रिपरिप. रत्नागिरीत ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस चार महिन्यांत कोसळतो, तोही वाऱ्यासह आडवा. पोर्टलंडच्या बाकाचा आकार जसाच्या तसा कोकणात आणला, तर पहिल्याच आषाढात त्याचे ढेकूळ होईल.

म्हणून आराखड्यावरची पहिली रेघ छपराची असावी. जुने वासे आणि उतरवलेली मंगलोरी कौले त्यासाठी उत्तम. पागोळी बाकाच्या कडेपासून निदान दोन फूट पुढे पडावी. मग जोते. बैठकीची उंची सुमारे ४५ सेंटिमीटर धरली आणि जमिनीवरून उडणाऱ्या शिंतोड्यांसाठी ३० सेंटिमीटर दगड ठेवला, तर मातीला वीतभरही जागा उरत नाही. हा हिशेब पुष्कळांना खटकतो, पण तोच बरोबर आहे. बाकाचे खालचे शरीर चिऱ्याचे किंवा डबराचे, पाठ आणि हात मातीचे. बैठकीवर जुन्या घरातून निघालेली शहाबादी फरशी पुढच्या बाजूला किंचित उतार देऊन बसवावी, कडा बोटभर बाहेर काढावी. दगडी जोत्याचा आणखी एक फायदा : वाळवीला वर चढायचे तर बाहेरून मातीची नळी बांधावी लागते, आणि ती डोळ्याला दिसते.

पाडकामातला माल फुकट मिळतो म्हणून सगळाच उचलू नये. फुटक्या काँक्रीटचे तुकडे जोत्याला चालतात. अमेरिकेत त्यांना कौतुकाने ‘अर्बनाइट’ म्हणतात. लोणा लागलेल्या विटा आणि पीओपीचे तुकडे मात्र वेचून बाजूला काढावेत. विटेतला क्षार ओलीबरोबर मातीत शिरतो आणि वरचा थर पापुद्र्यांनी सुटतो.

मातीचा निवाडा हातानेच करावा. काळी माती या कामाची नाही. उन्हाळ्यात भेगाळणारे शेत ज्याने पाहिले आहे, त्याला कारण सांगायला नको. तांबडी किंवा पांढरी माती घ्यावी, चाळावी आणि तिच्यात एकास एक, एकास दोन, एकास तीन अशी वाळू घालून तीन नमुना-विटा पाडाव्यात. आठवड्याने त्यांवर खिळा ओढून पाहावा. जिला उभी भेग गेली तिच्यात वाळू कमी; जिची कड बोटाने भुरभुरली तिच्यात जास्त. खिळ्याने नुसता पांढरा ओरखडा उमटला, पूड पडली नाही आणि वीट वाजवल्यावर टणक बोलली, तर ते प्रमाण धरावे. काडासाठी कोकणात भाताचा पेंढा आहेच, देशावर गव्हाचे काड. दोन मीटर लांब, अर्धा मीटर रुंद बाक पूर्ण भरीव मातीचा केला, तर नुसती बैठकच पाऊण टनाच्या घरात जाते. पोटात डबर भरले की एवढा चिखल तुडवावा लागत नाही आणि बाक लवकर वाळतो.

शेवटच्या हाताला सिमेंटचा गिलावा नको म्हणजे नकोच. डेव्हनमधल्या कितीतरी जुन्या भिंती सिमेंटच्या लेपाआड ओल कोंडून खालून खचल्या. लेप मात्र वरून धडधाकट दिसत राहिला. चुन्याचा गिलावा द्यावा, किंवा मातीचाच देऊन तो पुरता सुकल्यावर जवसाच्या उकळलेल्या तेलाचे तीन-चार हात द्यावेत.

किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात मातीवरचा विश्वास उडाला, तो अजून परतलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसे दगावली ती मुख्यतः मातीत रचलेल्या अनघड दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरचा धाब्याचा अवजड भार कोसळून. दोष मात्र सरसकट मातीच्या नावावर लागला. कमरेएवढ्या बाकावर आणि त्याच्या हलक्या कौलारू छपरावर असा भार नसतो. शाळेच्या आवारात, एसटी थांब्याजवळ, ग्रामपंचायतीसमोर चार-पाच पावसाळे काढलेला एक नेटका बाक गावातल्या गवंड्याला जे पटवून देईल, ते कोणत्याही व्याख्यानाला जमणार नाही.

दिवाळीनंतर माती भिजत घालावी, पौष-माघात रचावे. एका वेळी फूटभरापेक्षा उंच थर नको. फाल्गुनानंतर ऊन चढले, तर ओले गोणपाट टाकून सावकाश वाळू द्यावे, आणि मेच्या मध्यावर तेलाचा शेवटचा हात पुरा झालेला असावा.