एवढे मार्क असताना इतिहास?



सुरुवातीलाच कबुली देतो. गेल्या दिवाळीत एका मित्राकडे फराळाला जमलो होतो. त्याच्या मुलीचा जीसीएसईचा निकाल उत्तम लागला होता आणि तिनं ए-लेव्हलला इतिहास, इंग्रजी साहित्य आणि गणित घेतलं होतं. खोलीत डॉक्टर, आयटीवाले आणि मी, जनुकशास्त्रातला संशोधक. ‘एवढे मार्क असताना इतिहास कशाला गं?’ असं विचारणारा मीच होतो. ती नुसती हसली.

तासाभरानं गप्पा प्राचीन भारतातल्या विमानांवर आल्या. दोघातिघांनी छातीठोकपणे सांगितलं, की हे सगळं ग्रंथात आहे. तिनं शांतपणे विचारलं, ‘काका, कुठल्या ग्रंथात? आणि तो कधीचा, हे कसं ठरवलं?’ पदव्यांनी भरलेल्या त्या खोलीत उत्तर एकाकडेही नव्हतं.

सी. पी. स्नो यांनी १९५९ साली केंब्रिजमध्ये ‘दोन संस्कृतीं’वर व्याख्यान दिलं. साहित्यिक मंडळी वैज्ञानिकांच्या अडाणीपणाला हसतात, पण त्यांना स्वतःला उष्मागतिकीचा दुसरा नियम माहीत नसतो, ही त्यांची तक्रार. १९६२ साली लीव्हिस यांनी त्यांच्यावर कडाडून हल्ला चढवला. आपल्या मंडळींना स्नो फार आवडतात. पण ती तक्रार त्या काळच्या इंग्लंडची होती. तिथं वरचढ होता साहित्यवाला. आपल्याकडे गंगा उलटी वाहते. दहावीनंतरच्या सायन्स, कॉमर्स आणि आर्ट्स या आपल्या लेखी नुसत्या शाखा नव्हत्याच, ती उतरंड होती. ‘आर्ट्सला गेला’ हे वाक्य आपल्या घरांत ‘वाया गेला’ याच सुरात म्हटलं जाई. म्हणून आपल्याला विचारायचा प्रश्न दुसरा आहे: एखाद्या ग्रंथाचा काळ कसा ठरवतात, हे तुम्हाला माहीत आहे का?

हा प्रश्न किरकोळ नाही. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. त्याचा मुख्य आधार ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच संशोधकांनी तो १९७४ सालीच तपासला होता. वर्णन केलेली विमानं उडू शकत नाहीत, हे त्यांनी दाखवलंच. पण त्यांनी भाषाही तपासली, हस्तलिखिताचा मागही काढला. संस्कृत अर्वाचीन वळणाचं निघालं आणि माग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येऊन थांबला. म्हणजे निम्मं काम इंजिनिअरचं, निम्मं भाषेच्या अभ्यासकाचं. यातलं दुसरं निम्मं आपल्याला कुणी शिकवलंच नाही. म्हणून प्रयोगशाळेत ‘कंट्रोल कुठाय?’ असं विचारणारा माणूस घरी आलेला कुठलाही मेसेज बिनदिक्कत पुढे ढकलतो.

माझंच उदाहरण घ्या. दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव मला प्रथम भेटलं ते सूत्र म्हणून. गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढायला आम्ही ‘कोसंबी फंक्शन’ वापरतो. ते १९४४ सालचं. मी पुण्यात शिकलो, आणि ते तिथंच फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. पण याच माणसानं भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, प्राचीन आहत नाणी तराजूत तोलून त्यांची झीज संख्याशास्त्रानं मोजली आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवं वळण देणारं पुस्तक लिहिलं, हे मला तिशी उलटल्यावर, इथं इंग्लंडमध्ये, इतिहासाच्या एका प्राध्यापकाकडून कळलं. लाज वाटली.

कुणी म्हणेल, पोटाचं काय? रास्त प्रश्न आहे. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून आपल्याला सायन्सला घातलं आणि त्याच जोरावर आपण इथं घरं घेतली. त्याबद्दल कृतघ्न होण्याचं कारण नाही. ‘गणिताशी आमचं कधी जमलंच नाही’ असं अभिमानानं सांगणाऱ्या साहित्यिकांचंही कौतुक नको. पण विज्ञान हे पोट भरण्याचं साधन असणं वेगळं आणि विचार करण्याची रीत असणं वेगळं. १९७६ साली राज्यघटनेत आलेल्या ५१-अ कलमातल्या वैज्ञानिक दृष्टिकोनाचा आपण वारंवार उल्लेख करतो. त्याच ओळीत पुढे मानवतावाद आणि शोधक वृत्तीही आहे. आपण वाक्य अर्धंच वाचतो.

भारताच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंती नकोत, असं लिहिलं आहे. कागदावर ठीक. आपल्या बैठकीच्या खोलीतली भिंत मात्र आपल्यालाच पाडावी लागेल.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला फोन केला आणि ‘माझं चुकलं’ म्हणालो. ती म्हणाली, ‘काका, उत्तर शोधलंत का?’ शोधलं होतं. ते वर लिहिलंच आहे. यंदाच्या फराळाला तुमच्याकडे कुणी आर्ट्सवाली आली, तर तिच्या करिअरची चौकशी जरा नंतर करा. आधी आपल्या फोनमधला एखादा मेसेज तिला दाखवा आणि विचारा, हे खरं की खोटं, कसं ओळखायचं?