ड्राइव्हवर आहे म्हणजे सेफ आहे? कोरियातल्या आगीनं दिलेलं उत्तर
फाइल क्लाउडवर टाकली, आता टेन्शन नाही, असं तुम्हालाही वाटतं ना? दक्षिण कोरियाच्या सरकारलाही तसंच वाटत होतं.

२६ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या डेजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांनी पेट घेतला. त्यात सरकारी कर्मचाऱ्यांचं ‘जी-ड्राइव्ह’ खाक झालं. (हे गूगलचं नव्हे बरं का, सरकारचं स्वतःचं क्लाउड.) ८५८ टेराबाइट डेटा, आणि त्याची दुसरीकडे प्रतच नव्हती! कारण काय, तर डेटा फार मोठा होता. सर्वांत जास्त फटका कर्मचारी व्यवस्थापन मंत्रालयाला बसला. तिथे सगळ्या फाइल्स याच ड्राइव्हवर ठेवण्याचा नियम होता.

आपल्याकडे तर आगीचीही गरज नाही. सिंक म्हणजे आरसा. लॅपटॉपवर फाइल उडवली की क्लाउडवरूनही उडते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, मग कायमची जाते. रॅन्समवेअरनं फाइल लॉक केली, तर लॉक झालेलीच वर चढते.

मग हार्ड डिस्कवर कॉपी घ्यायची? हो, पण इथे एक मेख आहे. वनड्राइव्हमध्ये ज्या फाइलपुढे ढगाचं चिन्ह दिसतं, ती तुमच्या लॅपटॉपवर नसतेच, दिसतं फक्त नाव. बॅकअपचं सॉफ्टवेअर अशी फाइल वगळू शकतं. म्हणून आधी फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा आणि सगळं डाउनलोड होऊ द्या. मगच कॉपी करा. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा, जोडलेल्या डिस्कपर्यंत रॅन्समवेअरही पोहोचतं.