वरनं खाली उतरा

एम.ए.ला मनोभाषाविज्ञान घेतो म्हटलं की आपलेच कार्यकर्ते हसतात. वकील हो, कलेक्टर हो, हे काय चाटायचंय?

मित्रांनो, बोललेलं, ऐकलेलं, वाचलेलं माणसाच्या डोक्यात कसं शिजतं त्याचं हे शास्त्र. आपलं पोरगं 'पानी' म्हणालं म्हणून मास्तर हसतो, तो नुसता मास्तर असतो. तोच उद्या तक्ता आणि टक्केवारी घेऊन आला की शास्त्रज्ञ ठरतो. छापलेलं 'पाणी' बघून पोरगं 'पानी' वाचतं, म्हणजे त्याला अक्षर कळलं, अर्थ कळला, तो आपल्या बोलीत बसवताही आला. चाचणीत मात्र चूक! ती चाचणी कुणाच्या तोंडावर बेतली, हे पकडायला आतला माहीतगार लागतो. मोर्चातल्या घोषणेनं ते सापडत नाही.

अमेरिकेत हेच झालं. १९६६ साली बेरायटर आणि एंगेलमन यांनी सांगितलं, गरीब काळ्या पोरांना जणू भाषाच नाही असं धरून शिकवा. १९६९ साली विल्यम लबॉव या गोऱ्या भाषाशास्त्रज्ञानं हे थोतांड उघडं पाडलं. तो तेव्हा कोलंबिया विद्यापीठात होता. बाबासाहेब १९१३ साली गेले तेच. शेजारी हार्लेम, काळ्यांची वस्ती. तिथलं आठ वर्षांचं एक पोरगं मुलाखतीत हूं-हूंच्या पुढं सरकेना. आणि विचारणारा कोण? हार्लेममध्येच वाढलेला काळा माणूस! आपला असूनही पोरगं गप्प.

मग त्या गड्यानं वेफर्स आणले, पोराचा दोस्त आणला, शिव्यागाळीचे विषय काढले आणि सरळ जमिनीवर बसकण मारली. सहा फूट दोन इंचांचा माणूस साडेतीन फुटांवर आला. पोरं अशी सुटली की एकमेकांना बोलू देईनात. भाषा होतीच. आधी मोजली गेली ती भीती.

तरी धंदा थांबला नाही. १९९५ साली हार्ट आणि रिस्ली यांनी कॅन्ससमधली ४२ घरं घेतली. सरकारी मदतीवर जगणारी त्यात फक्त ६. महिन्याला तासभर टेप. त्यावरनं हिशेब मांडला, की चार वर्षांचं होईतो गरिबाच्या पोराच्या कानावर साहेबाच्या पोरापेक्षा तीन कोटी शब्द कमी पडतात. अरे, परका माणूस घरात टेप घेऊन बसला तर आपली आई किती बोलेल?

म्हणून या विषयाला जा. पण नुसतं प्रस्थापितांच्या खुर्चीत आपलं बूड टेकवायला जाऊ नका. तो काळा माणूसही आधी वरनंच विचारत होता. पदवी घ्या, चाचणी हातात घ्या, आणि वस्तीत येऊन भुईवर बसा. नाहीतर आपलंच पोरगं आपल्यापुढं मुकं बसेल, आणि तक्त्यावर 'भाषा नाही' असं लिहिणारा हात आपला असेल.

जय भीम.